हरकत नोंदवून घ्या

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांना मी व्यासपीठावर फार क्वचित पाहिले. मला ते आठवतात ते नगरपरिषदेच्या सभागृहात, प्रेक्षकांच्या बाकावर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसलेले. मांडीवर दोनशे पानी वही आणि खिशाला दोन पेने, एक निळे, एक लाल. सभेत जे ठरेल ते निळ्याने लिहायचे आणि जे नुसते बोलले गेले ते लाल पेनाने. मी त्या काळी त्याच नगरपरिषदेत सभा लिपिक होतो. एकवीस वर्षे मी टिपणे काढली, इतिवृत्ते लिहिली, अध्यक्षांच्या सह्या घेतल्या. प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही, आणि सरांनी तो नियम कधी मोडला नाही. पण प्रभागात नागरिकांची सभा लागली की ते उभे राहायचे, दोन मिनिटांत मुद्दा मांडायचे आणि बसण्याआधी माझ्याकडे बघून म्हणायचे, "हरकत नोंदवून घ्या."

आज मला बोलायचे आहे ते या तीन शब्दांवर. गावचा कारभार ठरवणाऱ्या सभा आपल्याकडे कमी नाहीत. ग्रामसभा आहे, महिला सभा आहे, प्रभाग समिती आहे, क्षेत्रसभा आहे, जनसुनावणी आहे. लोक बोलत नाहीत असेही नाही, तावातावाने बोलतात. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे बोलले गेले ते लिहिले जाते का? आणि लिहिलेल्याला उत्तर मिळते का? एवढ्या दोन गोष्टींवर सभेचे मोल ठरते, अशी माझी खात्री आहे. ती पुस्तकातून आलेली नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आलेली आहे, आणि ती आधी सांगतो.

एका उन्हाळ्यात आमच्या गावी पाण्याचे वेळापत्रक बदलले. धरणातला साठा कमी, म्हणून पाणी एक दिवसाआड, आणि काही गल्ल्यांना सकाळी सहाऐवजी दहाला. त्यावर प्रभागात सभा झाली. समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या, पंखा एकच. बरीच माणसे बोलली. शेवटी मागच्या भिंतीला टेकलेली एक बाई उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी. ती म्हणाली, "पाणी दहाला येतं. मी आठला कामाला जाते. मग पोरीला ठिवते घरी, हंडे भरायला. आठवीत हाय ती." बस, एवढेच. ती खाली बसली. कुणी काही बोलले नाही, कारण त्यावर बोलण्यासारखे कुणाकडेच काही नव्हते.

त्या रात्री मी इतिवृत्त लिहिले. विषय क्रमांक तीन, पाणीपुरवठा वेळापत्रक. त्याखाली माझे नेहमीचे वाक्य: "सदर विषयावर उपस्थित नागरिकांनी सविस्तर चर्चा केली. चर्चेअंती वेळापत्रकाची अंमलबजावणी करण्याचे ठरले." माझ्या अक्षरात हे वाक्य किमान हजार वेळा तरी सापडेल. त्यात खोटे काही नव्हते. चर्चा झाली होती आणि सविस्तरही झाली होती. फक्त ती मुलगी त्यात नव्हती.

प्रभागाच्या पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करायचे असते. तेवढ्यासाठी सर आले होते. मी वाचले. सरांनी वही उघडली आणि लाल अक्षरातली ती चार वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवली. "हे आपल्या कागदात नाही," ते म्हणाले. सूर चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. अध्यक्ष म्हणाले, प्रत्येकाचे म्हणणे कसे लिहिणार? सर म्हणाले, "प्रत्येकाचे नको. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो, त्याचे लिहा." सभा झाल्यावर त्यांनी त्या बाईकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला आणि आवक शाखेत देऊन शिक्क्याची पोच आणली. त्या आवक क्रमांकामुळे कागद फिरायला लागला. पाणीपुरवठा अभियंत्याला लेखी अभिप्राय द्यावा लागला, आणि अभिप्राय लिहायला बसल्यावर त्यांच्याच लक्षात आले की त्या गल्लीचा व्हॉल्व्ह स्वतंत्र आहे, पाणी सहाला सोडता येते. वेळ बदलली. पण तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्या मुलीचे शाळेतले किती दिवस हंड्यापाशी गेले, ते कुठल्याही कागदावर नाही. ते माझ्या वाक्याखाली दबले गेले.

म्हणून सांगतो, इतिवृत्ताला कमी समजू नका. आपल्या सार्वजनिक जीवनाची सुरुवातच कागदावरच्या सह्यांपासून झाली आहे. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्रवर्तक. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, तिथून ती सुरू झाली. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. त्या वेळी मतदान नव्हते, मतदारयादी नव्हती. तरी त्या माणसांना वाटले की मी लोकांच्या वतीने बोलतो असे म्हणायचे तर ते लोक कोण, हे कागदावर दिसले पाहिजे. आज एखाद्या सभेत "अख्ख्या वॉर्डाचे म्हणणे आहे" असे कुणी म्हणाला, की मला ती पन्नास सह्यांची अट आठवते.

आणि एकट्याचे म्हणणे? त्यासाठी जोतीराव फुल्यांकडे जावे लागते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करावा असा विषय आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. लोकांचा पैसा शिक्षणावर जावा, असे त्यांचे म्हणणे. १८८० साली गावात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. शाळांना पैसा हवा असताना मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करण्यालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई झालीच. १८८६ साली रे मार्केट या नावाने ती उघडली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. सभेत हरलेल्या माणसाचे नाव त्याच इमारतीवर आले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांचा विरोध आज आपल्याला माहीत आहे. कुणीतरी तो नोंदवून ठेवला, पत्र जपून ठेवले. "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" एवढेच लिहिले असते, तर जोतीराव त्या सभेत होते की नव्हते, हेही कळले नसते.

सर्वानुमते हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. ज्या सभेत एक माणूस जरी नको म्हणाला, ती सर्वानुमते नसते.

आता आजच्या कायद्याकडे येतो. १९९२ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती केली आणि पुढच्या वर्षी त्या लागू झाल्या. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्राचा ग्रामपंचायतीचा कायदा त्याच्याही आधीचा, १९५८ चा. त्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतील जी संख्या कमी ती, आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात काय होते, ते इथे बसलेल्या खेड्यातल्या माणसांना मी सांगायला नको. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. म्हणजे शंभर माणसे न आल्यामुळे थांबलेला विषय बारा माणसांत मंजूर होतो. हजेरीचे रजिस्टर कधीकधी सभेनंतर घरोघर फिरते. आणि विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते, "आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने." या ओळीने गावांचे जितके नुकसान केले तितके दुष्काळाने केले नसेल, असे मी विचार करून म्हणतो. लोक ज्यासाठी आले तो विषय आधी कळलेला असतो. ज्यासाठी ते थांबायला हवे होते, तो ते घरी गेल्यावर येतो.

शहरात तर सभाच नाही. ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या नगरसेवकांच्या. सामान्य मतदाराला तिथे स्थान नाही. ती उणीव भरून काढायला २००९ साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा पैसा हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, ही केंद्राची अट होती. मतदान केंद्रांवरून आखलेले एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभेचे सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. खेड्यातल्या ग्रामसभेचे हे शहरातले भावंड. या सभागृहात ज्यांनी आयुष्यात एकदा तरी क्षेत्रसभा पाहिली आहे त्यांनी हात वर करावा, असे मी मघाशी म्हणालो तेव्हा दोन हात वर आले. एवढ्या भरगच्च सभागृहात दोन. अटीसाठी केलेला कायदा अट पुरी झाल्यावर कपाटात गेला, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. त्यातच २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकांनी कारभार पाहिला. क्षेत्रसभेला अध्यक्षच उरला नाही. या काळातही अंदाजपत्रके झाली, रस्ते खणले गेले, झाडे तोडली गेली. त्यावर हरकत घ्यायची ती कुठल्या सभेत, याचे उत्तर नागरिकाकडे नव्हते.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवायला सुरुवात केली. पदपथ, दिवे, बसथांबा अशी लहान कामे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली सुरू झालेल्या प्रयोगाचे हे लहान रूप. मला ही योजना आवडते. फक्त एक सांगावेसे वाटते: काम धरले नाही तर का धरले नाही, हे अर्जदाराला लेखी कळवणे हाच तिचा प्राण आहे. उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या वर्षी अर्ज भरत नाही, आणि मग आपणच म्हणतो की लोकांना रस नाही.

लोकांना रस असतो. २०१५ साली मुंबईचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा हजारो मुंबईकरांनी हरकती दाखल केल्या. देवळे, शाळा, जुन्या वास्तू नकाशावर चुकीच्या दाखवल्या आहेत, रस्ते घरांवरून गेले आहेत, हे माणसांनी आपापल्या गल्लीचा नकाशा भिंगाने वाचून शोधून काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो आराखडा रद्द करावा लागला आणि सुधारित आराखडा करावा लागला. हे एका दिवसाच्या मोर्च्याने झाले नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याने सूचना आणि हरकतींची मुदत दिली आहे, हरकती ऐकायला नियोजन समिती दिली आहे. तिथे कागद देऊन पोच घेतलेल्या माणसांनी ते केले. गोव्यातही तसेच झाले. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावोगावचे लोक उभे राहिले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच्या पुढच्या आराखड्याचा मसुदा मग पंचायतींकडे, गावकऱ्यांच्या सूचनांसाठी पाठवला गेला. गोव्यात रविवारी सकाळी भरणाऱ्या ग्रामसभा मी पाहिल्या आहेत. टेकडी कापायची परवानगी कुणी दिली, सर्व्हे नंबर कोणता, हे प्रश्न तिथे घरची बाई विचारते, आणि सचिवाला फाइल उघडावी लागते.

जनसुनावणीच्या नियमांतली एक तरतूद मला आपल्या प्रत्येक सभेत हवी आहे. केंद्राची २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की प्रकल्पाच्या सुनावणीची नोटीस ३० दिवस आधी द्यावी, कामकाजाचे चित्रीकरण करावे, आणि सुनावणी संपताना लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा त्यांच्याच भाषेत, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर वाचून दाखवावा आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हावी. तिथल्या तिथे वाचून दाखवणे! माझ्या एकवीस वर्षांत हे मला करावे लागले असते, तर ती बाई उभी राहून म्हणाली असती, "माझ्या पोरीचं ऱ्हायलं."

मी निराश होऊन बोलतोय असे कुणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचे शंभरेक घरांचे गोंड गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय थांबतो, पुन्हा बोलले जाते, पुन्हा थांबतो. वेळ लागतो. आणि सभेआधी अभ्यासगट बसतो: कायदा काय म्हणतो, हिशेब काय सांगतो, हे गावकरी आधी समजून घेतात आणि मग सभेत येतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एवढे मोठे हक्क एका लहान गावाने मिळवले, कारण त्याच्या सभेतले "हो" खरोखर सगळ्यांचे होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात वर्षाच्या पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. पाण्याचा आकडा सगळ्यांसमोर वाचला गेला, म्हणून तो नियम टिकला.

आणि बायकांचे म्हणाल तर, आडव्या बाटलीइतके स्वच्छ मतदान मी दुसरे पाहिले नाही. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिलांनी लेखी मागणी केली की दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून अधिक मते आडवीला पडली तर दुकान बंद. आमच्या शेजारच्या गावातल्या अशा मतदानाला मी सरांबरोबर गेलो होतो. सत्तरीच्या पुढच्या एक आजी नातवाच्या सायकलवर बसून आल्या होत्या. शिक्का मारून बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "लिवलं बाबा माझं." १८८० साली जोतीरावांनी जे पत्र लिहिले, त्याच विषयावर ही बाई आपले म्हणणे लिहून गेली होती.

सभा लिपिक, ग्रामपंचायत अधिकारी, जे कुणी आज या खुर्चीवर आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: "सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य सोडा. कोण काय म्हणाले ते दोन ओळींत लिहा. नको म्हणणाऱ्याचे नाव लिहा. सभा उठायच्या आधी मुद्दे वाचून दाखवा आणि पुढच्या सभेचा पहिला विषय मागच्या हरकतींची उत्तरे हा ठेवा. आयत्या वेळच्या विषयात पैशाचा आणि जमिनीचा विषय घेऊ नका. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना एवढीच विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर तुमच्या गावात ग्रामसभा असेल. शहरात राहत असाल तर तुमच्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या की आमची क्षेत्रसभा कधी घेणार, आणि पत्राची पोच घ्या. सभेला जाताना वही न्या. मागचे इतिवृत्त वाचायला सांगा. बोलायचे ते दोन मिनिटांत बोला, आणि खाली बसण्याआधी समोर लिहीत असलेल्या माणसाकडे बघून सांगा, हरकत नोंदवून घ्या. तो नोंदवेपर्यंत उभे राहा.